बुद्धाचं डोकं, १०८ जुने फोन आणि तुझा प्रश्न

तू विचारलंयस की फायनल डिस्प्लेला मधोमध बुद्धाचं फायबरचं डोकं ठेवायचं, भोवती १०८ जुने मोबाइल मांडायचे, बघायला आलेल्यांनी व्हॉट्सअ‍ॅप केलं की एकेक फोन उजळणार आणि 'ओम मणि पद्मे हुं' वाजणार, बजेट पंचवीस हजार, तर हे कसं बांधायचं आणि व्हिडिओ आर्टवाल्या नाम जून पाइकची कॉपी वाटेल का. मी वडोदऱ्यात वीसेक वर्षं स्वतःची इन्स्टॉलेशन्स करतोय, दुसऱ्यांच्या कामांची वायरिंग आणि प्रोग्रॅमिंगही करून देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. काम होण्यासारखं आहे, कर. पण डोकं काढ, १०८ काढ, आणि फोन ठेवायचेच असतील तर ते तिथे नक्की काय करणार हे आधी ठरव, कारण आत्ता तुझ्या स्केचमधे फोन फक्त दिवे झालेत आणि बुद्ध फक्त शोपीस झालाय.

डोक्याचं आधी. नुसतं डोकं आज फर्निचरच्या शोरूममधे, स्पामधे, हॉटेलच्या रिसेप्शनला सगळीकडे दिसतं म्हणून ते आपल्याला नॉर्मल वाटतं, पण बुद्धाची मूर्ती घडवणाऱ्या परंपरांत मुळात सहसा नुसतं डोकं घडवत नाहीत. डोकी सुटी झाली ती मूर्ती फुटल्यामुळे, किंवा बाजारात विकायला सोपं जातं म्हणून कुणीतरी मुद्दाम कापल्यामुळे. इंडोनेशियातल्या बोरोबुदूरच्या स्तूपावर ५०४ बुद्धमूर्ती होत्या, त्यातल्या तीनशेच्या वर आज खंडित आहेत आणि बहुतेकांना डोकंच नाही, ती डोकी जगभरच्या म्युझियममधे आणि लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसलीत. म्हणजे तू मधे जे ठेवणारेस ती खरं तर एका जखमेची कॉपी आहे. तुझं काम त्या जखमेबद्दल असेल तर जरूर ठेव, मग तो विषय सबंध वेगळा होतो. नसेल तर नको.

मूर्ती हवीच का, हेही एकदा स्वतःला विचार. सांचीला कधी गेलीस तर तोरणं नीट बघ, तिथे बुद्धाचा जीवनप्रसंग कोरलाय पण बुद्ध माणसाच्या रूपात नाहीच, त्याच्या जागी रिकामं आसन आहे, पिंपळ आहे, चक्र आहे, पावलं आहेत. लोक हात जोडून बसलेत आणि समोरची जागा मोकळी. मला तर इन्स्टॉलेशन शिकायची ती पहिली शाळा वाटते, कारण जे नाहीये ते बघणाऱ्याने भरायचं हे तिथल्या शिल्पकारांना दोन हजार वर्षांपूर्वीच जमलेलं होतं.

आता पाइक. कॉपी वाटेल का या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्याने नेमकं काय केलं ते बघायला हवं, फोटो बघून कळत नाही. 'टीव्ही बुद्ध' १९७४चं काम, न्यूयॉर्कला पहिल्यांदा लागलं, आता आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमकडे आहे. जुनी बुद्धमूर्ती, समोर टीव्ही, टीव्हीच्या मागे कॅमेरा मूर्तीवर रोखलेला, म्हणजे मूर्ती स्वतःलाच बघत बसलीय. लोक याला पूर्व-पश्चिम संगम वगैरे म्हणून मोकळे होतात, पण माझ्या मते त्या कामाचा जीव क्लोज्ड सर्किटमधे आहे. टीव्ही म्हणजे बाहेरून काहीतरी येणारी वस्तू, आणि इथे बाहेरून काहीच येत नाही, काही रेकॉर्ड होत नाही, कुणाला प्रसारित होत नाही. मूर्ती हलत नाही म्हणून चित्र हलत नाही, पण चित्र लाइव्ह आहे, सेकंदाला पंचवीस-तीस वेळा नव्याने रंगवलं जातंय आणि तरी तेच दिसतंय. क्षणिकवाद म्हणून पुस्तकात जे वाचतो, की दिव्याची ज्योत तीच वाटते पण क्षणाक्षणाला दुसरी असते, ते त्या पिक्चर ट्यूबमधे अक्षरशः चालू आहे, कुणी बोट दाखवून सांगायची गरज नाही. आणि तू मधे गेलीस, वाकून बघितलंस, तर तूही त्या चौकटीत येतेस. पुढे १ जानेवारी १९८४ला याच माणसाने न्यूयॉर्क आणि पॅरिस सॅटेलाइटने जोडून लाइव्ह कार्यक्रम केला, म्हणजे त्याला सर्किट बंद कधी ठेवायचं आणि उघडं कधी करायचं हे बरोबर माहीत होतं. कॉपी वस्तूंवरून ठरत नाही गं, मूर्ती आणि स्क्रीन आले म्हणजे कॉपी असं नाही. त्याने सिग्नलचा एक गुण पकडला, तू दुसरा पकड.

एक उदाहरण देतो जे मी स्वतः टेबलावर करून बघितलंय. पाइकचंच सेटिंग आज स्वस्त वायफाय कॅमेऱ्याने केलं की चित्र उशिरा येतं, कधी अर्धा सेकंद, कधी दोन-तीन सेकंद, कारण कॅमेरा चित्र कॉम्प्रेस करतो, पाकिटं करून पाठवतो, पलीकडे थोडा साठा झाला की मग दाखवतो. मूर्तीसाठी काही फरक नाही पण समोर माणूस बसला की तो स्वतःला बघतो तेव्हा तो आधीचा असतो, हात वर केला तर पडद्यावरचा हात अजून खालीच. मुलं हसतात, मोठी माणसं थोडा वेळ हसतात आणि मग गप्प होतात. हा उशीर इंजिनियर दोष म्हणतात, तो कमी करायला जीव टाकतात, आणि तुझ्यासाठी तोच माल आहे. आजचा आरसा असाच आहे, आपण आपल्याला नेहमी थोडं उशिरा बघतो.

परंपरेकडे मोबाइल नेऊन ठेवायचा म्हणजे जुनं आणि नवं जोडायचं, असं तू लिहिलंयस, तिथे मला जरा थांबवावंसं वाटतं. बौद्ध परंपरा संदेशवहनाच्या बाबतीत जुनी कधीच नव्हती, त्या त्या काळातलं सगळ्यात नवं तंत्र तिने उचललंय. छापलेलं आणि तारीख असलेलं जगातलं सगळ्यात जुनं सबंध पुस्तक म्हणजे ८६८ सालचं वज्रच्छेदिका सूत्र, चीनमधे दुनहुआंगच्या गुहेत सापडलं, आणि त्यावर लिहिलंय की एका माणसाने आईवडिलांच्या नावाने सगळ्यांना मोफत वाटायला हे छापून घेतलं. फॉरवर्ड करायची वृत्ती काही आजची नाही. त्याच्या शंभरेक वर्षं आधी जपानच्या सम्राज्ञीने दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवले आणि प्रत्येकात छापील धारणीची (मंत्रासारख्या पाठाची) गुंडाळी घातली. नालंद्याला मातीच्या मुद्रा सापडतात त्यांवर 'ये धर्मा हेतुप्रभवा' ही गाथा ठशाने उमटवलेली, अशा मुद्रा स्तूपात भरून टाकायचे. वाचायला कुणी नाही! संदेश आहे, प्रती आहेत, पण वाचक नाही, आणि तरी ते कार्य पूर्ण झालं असं मानायचे.

आणि हे बघायला लांब जायची गरज नाही. शामळाजीजवळच्या देवनी मोरीला १९६० ते ६३ आपल्याच एम.एस. युनिव्हर्सिटीच्या लोकांनी खणलं, स्तूप निघाला, मातीच्या बुद्धमूर्ती निघाल्या, आणि अस्थी ठेवलेली दगडी मंजूषा निघाली जी अजून युनिव्हर्सिटीकडेच आहे. ती जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेलीय. तिथल्या मंजूषांवर लेख कोरलेत आणि त्यांत प्रतीत्यसमुत्पादाचा मजकूरही आहे, हे असलं की ते होतं, हे थांबलं की ते थांबतं, अशी ती साखळी. विचार कर, कुणीतरी एकेक अक्षर दगडावर कोरलं, त्यावर सगळा स्तूप विटांनी बांधून टाकला, म्हणजे आता हे कुणीही कधीही वाचणार नाही याची पूर्ण व्यवस्था केली. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा माझ्या डोक्यातली कम्युनिकेशनची व्याख्या हलली. तोपर्यंत मी दर कामात स्क्रीनवर मजकूर दाखवायचो, बघणाऱ्याला कळलं पाहिजे म्हणून.

तिबेटी मणीचक्राचंही तेच, आत मंत्र छापलेल्या कागदाची गुंडाळी, चक्र फिरलं की वाचल्यासारखं. कॉम्प्युटरवाल्यांनी नव्वदच्या दशकातच म्हणायला सुरुवात केली होती की मंत्राची फाइल हार्डडिस्कवर टाका, मिनिटाला ५४०० फेरे आपोआप होतील. छान कल्पना आहे, पण करायला बसलं की प्रश्न येतात आणि ते प्रश्नच कामाचे असतात. मणीचक्र घड्याळाच्या दिशेने फिरवायचं असतं आणि हार्डडिस्कची चकती वरून बघितली तर उलट्या दिशेने फिरते, म्हणजे ड्राइव्ह पालथा बसवावा लागेल. आणि एसएसडीमधे तर काही फिरतच नाही, मग तिथे मंत्राचं काय होतं? यावर एका मुलाने आमच्याकडे वर्षभर काम केलं होतं, शेवटी एक उघडी हार्डडिस्क पालथी टांगली आणि बाजूला एसएसडी नुसती ठेवली, बस. बघायला लोक थांबायचे.

बाहेरची अजून दोन कामं डोक्यात ठेव. तात्सुओ मियाजिमा या जपानी कलाकाराचे एलईडी आकडे, १ ते ९ मोजत जातात आणि शून्य कधी दाखवत नाहीत, शून्याच्या जागी नुसता अंधार. आणि एफएम-थ्री या बीजिंगच्या संगीतकार जोडीने २००५ला काढलेलं 'बुद्ध मशीन', देवळाबाहेर मिळतात त्या जप वाजवणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीवरून केलेली छोटी डबी, आत ९ लूप, कधी संपत नाहीत. आपल्याकडे गायत्री मंत्राचे तसेच डबे घराघरात आहेत, एक घेऊन उघडून बघ, काळ्या थेंबाखाली एक चिप, एक स्पीकर, संपलं. क्योटोच्या कोदाइजी मंदिरात २०१९ला मिंदार नावाचा रोबो कान्नोनच्या (अवलोकितेश्वराच्या जपानी) रूपात हृदयसूत्रावर प्रवचन द्यायला लागला, ते मात्र मला तितकं पटत नाही, यंत्राला तोंड दिलं की आपण त्याच्या तोंडाकडेच बघत राहतो.

आता तुझे फोन. व्हॉट्सअ‍ॅप सोड, त्याचं ऑफिशियल जोडकाम करण्यात तुझे दोन महिने जातील आणि जुगाड केलास तर ऐन ओपनिंगला नंबर ब्लॉक होईल. साधा एसएमएस घे. सिम८००एल नावाचं टूजी मॉड्यूल मिळतं, ते आणि एक ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) एवढ्यावर भागतं. दोन गोष्टी सांभाळ. सिम जिओचं चालणार नाही कारण त्यांचं टूजी नाहीच, एअरटेल किंवा व्हीआय घे, आणि हॉलमधे रेंज आधी तपास. दुसरं, या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत करंट खेचतं, मोबाइलच्या चार्जरवरून लांब बारीक वायरने दिलंस तर ते सारखं बंद-चालू होत राहील आणि तुला वाटेल कोड चुकलाय. जाड आखूड वायर, मॉड्यूलच्या पायाशीच हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आणि ऐक, आठवतं का, पूर्वी फोन यायच्या आधी स्पीकरमधून ड्रर्र-डिक-डिक असा आवाज यायचा? तो टूजीचाच, सेकंदाला २१७ वेळा रेडिओ चालू-बंद होतो त्याची गुणगुण. आम्ही सगळे तो आवाज घालवायला तारा गुंडाळत बसायचो. तू उलट कर, अ‍ॅम्प्लिफायरला तांब्याच्या तारेची एक गुंडाळी जोड आणि मॉड्यूलजवळ ठेव. संदेश पोचण्याच्या आधी हवेतून तो येताना ऐकू येईल, मंत्राचं रेकॉर्डिंग लावण्यापेक्षा हे कितीतरी खरं आहे कारण हा आवाज त्या क्षणी तिथेच घडतोय.

मग संदेश आला की काय? माझा सल्ला, दाखवू नको. मजकूर वाचायचाच नाही, मॉड्यूलने तो आल्याबरोबर पुसून टाकायचा, पाठवणाऱ्याचा नंबरही पुसायचा (हे बाहेर पाटीवर स्पष्ट लिही, लोकांना हक्क आहे), आणि फक्त एक टोला वाजू दे. ऑनलाइन तिबेटी बाउल मागवू नको, आजीकडे काशाचा जुना वाडगा असेल तर तो वाजवून बघ, नमद्याच्या कड्यावर ठेवलास तर चांगला सात-आठ सेकंद घुमतो. टोल्याला बारा व्होल्टचा सोलेनॉइड (वीज दिली की दांडी पुढे ढकलतो तो), त्याला उलटा डायोड लाव नाहीतर कंट्रोलर जळेल, आणि पल्स वीस-पंचवीस मिलिसेकंदच दे, जास्त दिलास तर दांडी वाडग्याला चिकटून राहते आणि नाद दाबला जातो. हे हाताने वाजवणाऱ्याला माहीत असतं की मारून लगेच सोडायचं, यंत्राला शिकवावं लागतं.

अजून एक. त्या सिमवर लोनच्या ऑफरी येतील, रिचार्जच्या जाहिराती येतील, रात्री दोनला रिकाम्या हॉलमधे येतील. त्यांनाही टोला पडू दे, गाळू नको. कुणी आईची आठवण लिहून पाठवली, कुणी टाइमपास केला, कुणा कंपनीच्या मशीनने आपोआप पाठवलं, वाडग्याला सगळं सारखं. तुझ्या सगळ्या प्रपोजलमधे 'करुणा' हा शब्द सहा वेळा आलाय, तो या एका निर्णयात जास्त आहे असं मला वाटतं.

मंत्राबद्दल तू घाईत ठरवलंयस. 'ओम मणि पद्मे हुं' हा अवलोकितेश्वराचा मंत्र, तिबेटी परंपरेत श्वासासारखा. पण तुझा हॉल वडोदऱ्यात आहे, इथे मराठी बौद्ध घरं आहेत, तिथे सकाळी पालीतून त्रिशरण-पंचशील म्हणतात, बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्ध शेजारी असतात. फॅकल्टीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर कमाटीबागेत संकल्पभूमी आहे. बाबासाहेब गायकवाडांच्या स्कॉलरशिपवर शिकून १९१७ला इथे नोकरीला आले, या शहरात त्यांना राहायला कुणी घर देईना, पारशी धर्मशाळेतूनही हाकललं, आणि २३ सप्टेंबर १९१७ला ते बागेत झाडाखाली बसले होते. त्या शहरात तू बुद्धावर काम करतेयस. म्हणजे इथे बुद्ध ही शांत-शांत वाटायची गोष्ट नाहीये, लोकांसाठी तो माणूस म्हणून उभं राहण्याचा प्रश्न आहे. हे तुझ्या कामात दिसलंच पाहिजे असं नाही म्हणत मी, पण तुला माहीत असलं पाहिजे, आणि डिस्प्लेच्या आधी दोन-चार बौद्ध घरांत जाऊन स्केच दाखव. परवानगी म्हणून नको, बोलायला म्हणून जा.

मला हे कसं कळलं ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गॅलरीत माझं काम होतं, जुना काळा लँडलाइन फोन, रिसीव्हर उचलला की पलीकडे फक्त कुणाचातरी श्वास, आनापानावरून, म्हणजे श्वासाकडे लक्ष द्यायच्या ध्यानावरून, सुचलेलं, आणि मागे मातीची छोटी बसलेली बुद्धमूर्ती, जमिनीवर. बुद्धपौर्णिमेच्या आसपास पाच-सहा वयस्कर बायका आल्या, पांढऱ्या साड्या, दाराबाहेरच चपला काढल्या, हातात फुलं. त्या मूर्तीसमोर बसायला लागल्या तर गार्ड ओरडला, हात लावू नका, फुलं चालणार नाहीत. मी पोचेपर्यंत त्या अवघडून उभ्या होत्या. एक आजी मला म्हणाल्या, अहो, मूर्ती खालीच ठेवलीत? आणि वायर मांडीवरून गेलीय हो. मी तीन महिने त्या कामासोबत होतो आणि मला ती वायर दिसली नव्हती. गॅलरीने शेवटपर्यंत फुलांना नाहीच म्हटलं. मी मूर्ती दुसऱ्या दिवशी उंच केली, वायर मागून नेली, दाराशी पाण्याचं पितळी ताट ठेवलं, फुलं त्यात ठेवा म्हणून. त्या आजींनी रिसीव्हर दहा मिनिटं कानाला लावून ठेवला होता, डोळे मिटून, मागे रांग लागलेली. मला अजून लाज वाटते त्या दुपारची.

तर तूही आधीच ठरव, कुणी चपला काढल्या, फूल ठेवलं, हात जोडले, तर काय. गार्डला आदल्या दिवशी भेटून सांग.

गार्डशी अजून एक बोलायचंय, रात्री तो मेन स्विचच बंद करून जातो, सगळीकडे हेच. तुझं काम सकाळी वीज आली की कुणी हात न लावता सुरू झालं पाहिजे. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरलास तर त्याचं मेमरी कार्ड रीड-ओन्ली करून ठेव, नाहीतर अचानक वीज जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी कार्ड खराब होतं. ईएसपी३२ला हा त्रास नाही, म्हणून मी तोच म्हणतोय. आणि १०८ जुने फोन मागवले असतीलच तर सगळ्यांच्या बॅटऱ्या आजच काढून घे, फुगलेली एक जरी निघाली तरी मेच्या गरमीत पेटू शकते.

खर्चाचं म्हणशील तर मॉड्यूल, कंट्रोलर, सोलेनॉइड, पॉवर सप्लाय, अ‍ॅम्प, सगळं दांडिया बाजारात फिरलीस तर पाचेक हजारांच्या आत बसेल, उरलेले पैसे लाइट आणि सुतारकामावर घाल, वाडगा ज्यावर ठेवशील त्याची उंची, आणि मूर्तीच्या जागी रिकामं आसन ठेवलंस तर त्या आसनाची उंची, यावर आठवडा घालवलास तरी कमी आहे.

उशीरवाला प्रयोग करायचा असेल तर माझ्याकडे एकवीस इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडलाय, चालू आहे, लावला की बारीक शिटी ऐकू येईल तुला, १५,६२५ हर्ट्झची, मला आता येत नाही ऐकू. मागचं झाकण मात्र उघडायचं नाही, बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट राहतात. न्यायला टेम्पो कर, स्कूटरवर नको, पुढची काच फार जड असते आणि त्या बाजूला कलंडतो.